भिंतीपलीकडचं रडणं

निरोप आला तेव्हा मी तिसरीच्या मुलींना पाढे म्हणायला लावून खिडकीशी उभी होते. फाटकातून अमरावतीचे किसनराव येताना दिसले. मायच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. अकोल्याच्या मुलींच्या शाळेत यायला त्यांना दुसरं कुठलंच कारण नव्हतं, त्यामुळे ते बोलायच्या आधीच मला कळलं. तरी माणूस आशा सोडत नाही. त्यांच्या हातात पिशवी आहे का ते मी पाहिलं, कारण माय कधीमधी कुणाबरोबर वांगी पाठवायची. हात रिकामे होते. उपरण्यानं तोंड पुसत ते म्हणाले, "द्वारकाबाई, चाला. माय गेली."

मुली पाढे म्हणत राहिल्या. मी विचारलं, "सोनी कोठी हाय?"

"तिथीच. मायजोळ बसून हाय."

"रडली?"

किसनरावांनी मान हलवली. "नाही बाई. पाण्याचा गिलास घेऊन बसली. माय पिऊन नाही राहिली म्हणून तसाच धरून ठेवला."

माय गेल्याच्या निरोपावर धाकट्या बहिणीच्या रडण्याची चौकशी करणारी बाई लोकांना विचित्र वाटेल. पण हा प्रश्न माझा नव्हताच. तो मायचा होता. जन्मभर तिनं तोच एक प्रश्न विचारला. मी बाहेरून आले की, शेजारीण डोकावून गेली की, माय आधी विचारायची, "सोनी रडली का वो?" आणि नाही म्हटलं की पुढच्या कामाला लागायची. ती गेल्यावर तो प्रश्न माझ्या तोंडी आला, एवढंच.

तेराव्यापर्यंत माणसं येत राहिली. येणारा प्रत्येक जण म्हणायचा, सुटली बिचारी. कोणी म्हणायचं, सोन्यासारखं मरण आलं, भिंतीला टेकून बसल्या बसल्या गेली. मी शाळामास्तरीण आहे, चुकीचं उत्तर ऐकलं की माझी जीभ वळवळते. पण पाहुण्यांना काय सांगणार? सुटली नाही हो. ज्यासाठी ती त्या भिंतीला टेकून बसत होती ते काम अर्धंच राहिलं. हे कोणाला सांगितलं नाही, म्हणून इथं लिहिते आहे.

आमचं मूळ गाव बार्शीटाकळीच्या अलीकडे. मी पाचेक वर्षांची आणि सोनी अंगावर पिणारी, तेव्हा आम्ही अमरावतीला आलो. अमेरिकेत कुठं तरी लढाई पेटली होती आणि तिच्यामुळं आमच्या कापसाला असा भाव आला होता की लोकांना वेड लागायचं बाकी होतं. त्या दिवसांत बैलगाड्यांच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या अशा गोष्टी म्हातारे अजून रंगवून सांगतात. बसवल्याही असतील, मी काही पाहिल्या नाहीत. मी पाहिलं ते एवढंच, की ज्वारीच्या वावरातसुद्धा लोकांनी कापूस पेरला आणि मग खायची ज्वारीच हाताला लागेना. बा आपली बैलजोडी घेऊन कापसाच्या गाड्यांबरोबर जायचा, रेल्वे जिथवर आली होती तिथवर. गेला की महिना महिना त्याचा पत्ता नसायचा. घरात दोन पोरी आणि रिकामी कणगी. तेव्हा माय बाजाराच्या अंगाला असलेल्या एका वाडग्यात सरकी काढायच्या कामाला लागली.

वाडगं म्हणजे मातीच्या भिंतीनं घेरलेलं मोठं आवार. त्यात छपराखाली बाया ओळीनं रेचे घेऊन बसायच्या. रेचा म्हणजे एकावर एक दोन लाटा, गोल लाकडी रूळ, आणि बाजूला दांडा. एका हातानं दांडा फिरवायचा, दुसऱ्या हातानं कापूस भरवायचा. सरकी अलीकडे गळते, रुई पलीकडे पडते. एवढ्या रेच्यांची करकर सुरू झाली की शेजारणीशी ओरडूनच बोलावं लागायचं. माय संध्याकाळी घरी यायची ती डोक्यापासून पायापर्यंत पांढरी. आधी लुगडं झटकायची, मग सोनीला घ्यायची. झटकल्याशिवाय तिला हातही लावायची नाही.

गावाकडे बाया लेकरांना वावरात नेतात, धुऱ्यावरच्या झाडाला झोळी बांधतात, मधून मधून जाऊन पाजतात. वाडग्यात ते चालत नव्हतं. रुईचे तंतू लेकरांच्या नाकातोंडात जात, आणि एकीच्या रांगत्या पोराचं बोट लाटेत सापडलं होतं, तेव्हापासून मुकादम लेकरू आत येऊ देत नसे. त्याचंही चूक म्हणता येत नाही. मग लेकरांचं काय? वाडग्याच्या भिंतीला लागून साळूबाई माळणीचा मळा होता. वांगी, मेथी, कडेनं झेंडू, आणि मधोमध एक चिंच. त्या चिंचेखाली साळूबाई लेकरं सांभाळायची. बाया तिला कधी पायलीभर दाणे द्यायच्या, कधी मळ्यातलं तण काढून द्यायच्या. आम्ही पोरं तिला बुढी म्हणायचो, आणि ती आम्हाला ज्या नावांनी हाका मारायची ती इथं छापण्यासारखी नाहीत. पण तिच्या हाताला माया होती. पडलेल्या पोराला आधी दोन शिव्या आणि मग गुळाचा खडा, असा तिचा शिरस्ता होता.

तिची अट मात्र एक होती. अंगावरच्या लेकराला गोळी देऊन आणायचं. अफूची गोळी. तेव्हा त्यात कोणाला लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. दुकानात मिळायची, पानात बांधून कनवटीला असायची. सकाळी निघताना आई करंगळीच्या नखावर मावेल एवढी काढायची, दुधाच्या थेंबात कालवून लेकराच्या जिभेला लावायची. लेकरू दुपार उलटेपर्यंत गाढ. साळूबाई साफ सांगायची, "गोळी देऊन आणा, मंग ठेवा. माहा मळा हाय, धर्मशाळा नाही. साऱ्याच्या सारे बोंबलाले लागले त मी वांगे तोडू का लेकरं घेऊ?"

मायनं आधी दिली नाही. तिच्या आईनं कधी दिली नव्हती, म्हणून तिला धजावत नव्हतं. साळूबाईच्या हातापाया पडून तिनं सोनीला तशीच ठेवलं. आणि सोनी रडली… सोनीचं रडणं मला नीट आठवतं, बाकी त्या दिवसांतलं किती तरी विसरले तरी. आधी हुंदके, मग एकदम उंच चढणारा सूर, मग श्वास अडकून शांतता, आणि ती शांतता संपायच्या आत आपलाच जीव जातो की काय असं वाटायचं. भिंतीपलीकडे, रेच्यांच्या करकरीतून, मायला तो सूर बरोबर ऐकू जायचा. रडण्याबरोबर पान्हा फुटायचा, चोळी भिजायची, हात थांबायचा. हात थांबला की रुईची लड तुटते. मुकादम ओरडायचा. आजूबाजूच्या बाया आधी हसल्या, "काय गळा हाय वो तुह्या पोरीले." मग वैतागल्या. तिच्या रडण्यानं गोळी घेतलेली लेकरंही चाळवायची, आणि एक चाळवलं की भिंतीअलीकडच्या साऱ्या आयांचे कान टवकारायचे. शेवटी एकीनं मायच्या हातात पानाची पुडी ठेवली. "देऊन टाक वो. आमी का आमच्या लेकरांच्या दुशमन हावो?"

दिली. आपल्या हातानं, आपल्या नखानं दिली.

त्यानंतर चिंचेखाली माझ्याकडे एक काम आलं. निजलेल्या लेकरांच्या तोंडावर माश्या बसायच्या, त्या कडुनिंबाच्या डहाळीनं हाकलायच्या. ओळीनं लेकरं निजलेली असायची, तोंडं किंचित उघडी, आणि मी या टोकापासून त्या टोकापर्यंत डहाळी हलवत फिरायची. मला ते काम आवडायचं. बुढी म्हणायची, "पाहा, कसे शहाणे लेकरं हायेत." आणि मलाही वाटायचं, आता सोनीसुद्धा शहाणी झाली.

मग एक संध्याकाळ. माय आली, लुगडं झटकलं, हात पुढे केले आणि सोनी उठेना. साळूबाई तिच्या तळपायावर चापट्या मारत होती, बहुतेक बराच वेळ. कांदा फोडून नाकाशी धरला होता. पाणी शिंपडून झालं होतं. माय खाली बसली आणि तिला मांडीवर घेऊन हलवायला लागली, आधी हळू, मग जोरात, मग इतक्या जोरात की साळूबाईनं तिचे हात धरले. मायच्या केसांत राहिलेली रुई हलवण्यानं निसटून सोनीच्या तोंडावर पडत होती. मला त्या माश्या वाटल्या. मी डहाळी घेऊन त्या हाकलत राहिले. मला कोणी थांबवलं नाही.

सोनी मेली नाही. दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर तिनं डोळे उघडले. त्याच आठवड्यात तिला तापही होता. आदल्या दिवसापासून अंग कढत होतं, हे मायला ठाऊक होतं. ताप होता तरी कामाला गेली, आणि ताप होता तरी गोळी दिली. हे दोन्ही तिनं मला पुढं सांगितलं तेव्हा अगदी सपाट आवाजात सांगितलं. डोळे उघडल्यावर सोनी प्यायली, हळू, जणू कोणी तरी सांगितलं म्हणून. रडली नाही. मायला वाटलं, थकली असेल.

इथवर वाचणाऱ्याला वाटेल की मायनं काम सोडलं. नाही सोडलं. बा गाड्यांबरोबर होता, जिवंत आहे की नाही तेही कळायला मार्ग नव्हता, आणि कणगी रिकामीच होती. थोडे दिवस घरी राहून ती पुन्हा वाडग्यात गेली. गोळी दिली नाही आणि साळूबाईनंही मागितली नाही. एक गोष्ट मात्र तिनं बदलली. मुकादमाकडून भिंतीलगतची जागा मागून घेतली. ती जागा कोणालाच नको असायची, तिथं दुपारचं ऊन तोंडावर यायचं आणि वाऱ्यानं सगळी रुई त्याच कोपऱ्यात जमायची. मुकादमाला वाटलं, बाई येडी हाय. माय डावा कान भिंतीला लावून बसायची आणि उजव्या हातानं दांडा फिरवायची. पलीकडून लेकरांची रडणी यायची. ही कोणाची, ती कोणाची, सगळी तिला ओळखू यायची. सोनीचं येत नव्हतं.

साळूबाईच्या ते ध्यानात आलं असावं. काम करता करता ती भिंतीजवळ यायची आणि मोठ्यानं ओरडून सांगायची, "जागी हाय वो तुही पोरगी! बसून राहिली!" दिवसातून किती तरी वेळा. त्या शिवराळ बुढीनं मायसाठी केलेली ती सगळ्यात मोठी दया होती, आणि माय ते ऐकून मान हलवायची. भिंतीपलीकडे मान हललेली दिसत नाही, हे तिच्या लक्षात यायचं नाही.

तिकडची लढाई संपली आणि भाव जसा चढला होता तसाच खाली आला. वाडगी एक एक करून बंद पडली. चांदीच्या धावांच्या गोष्टी सांगणारे पुन्हा तांब्याच्या पैशांवर आले. बा परतला, बैल विकून परतला. सोनी उशिरा चालायला लागली, त्याहून उशिरा बोलायला, आणि बोलली तेही मोजकेच शब्द. माणसं ओळखायची. ज्वारीतले खडे इतके सुरेख निवडायची की शेजारणी आपापली सुपं आणून ठेवायच्या. कोणी हसलं की हसायची. पण रडायची नाही. पडली, भाजली, एकदा विळ्यानं पाय कापला, तर वाहणाऱ्या रक्ताकडे कुणी नवीन पाहुणा आल्यासारखं पाहत बसली. बा गेला त्या दिवशी आम्ही सगळ्या आक्रोश करत होतो आणि सोनी आमच्या तोंडांकडे एकेक करून बघत होती. तेव्हा ती पंधरा-सोळा वर्षांची असेल.

त्याच सुमारास मी एक पाहिलं, ते लिहावं की नाही याचा फार विचार केला. दुपारची वेळ होती, मला झोप लागली आहे असं मायला वाटत होतं. तिनं सोनीला जवळ ओढलं, तिचा दंड धरला आणि चिमटा काढला. साधा नाही, नखं रुतवून. आणि तिच्या तोंडाकडे पाहत राहिली, श्वास धरून. सोनीनं दंडाकडे पाहिलं, मायकडे पाहिलं आणि हसली. मायनं तिचा दंड चोळला, खूप वेळ चोळला, आणि मग पदर तोंडात कोंबून रडली. मी डोळे मिटूनच राहिले.

मला हे सगळं सलग कळलं ते फार पुढं, मी स्वतः आई झाल्यावर. माझे यजमान मास्तर होते. त्यांनी मला शिकवलं, आणि अमरावतीत मुलींची शाळा निघाली तेव्हा मला तिथं नोकरी मिळाली. माझा नारायण तेव्हा चार महिन्यांचा होता. आळीतल्या बायांना बोलायला विषय झाला. लेकरू टाकून लोकांच्या पोरींना बाराखडी शिकवायला जाते म्हणे! मी वरवर तोऱ्यात असायचे, पण आतून पार खचले होते. नारायणला मायकडे ठेवून निघाले की त्याचं रडणं कोपऱ्यापर्यंत माझ्यामागं यायचं. कोपऱ्यावर एक विहीर होती. तिथं मी रोज थांबायचे, परत फिरू का म्हणून, आणि रोज पुढं जायचे. मधल्या सुट्टीत धावत यायचे, भिजलेली चोळी पदराखाली लपवत.

एक दिवस आले तर नारायण गोधडीवर हातपाय झाडत टाहो फोडतोय आणि माय शेजारी बसून शांतपणे सोनीबरोबर ज्वारी निवडतेय. मला संताप आला. "माय, घे ना वो त्याले. कवाचा रडून राहिला."

"रडू दे," माय म्हणाली. "रडून राहिला म्हणजे हाय."

"तुले कान नाही का?"

मायचे हात सुपावर थांबले. "कानच हायेत मले," ती म्हणाली.

आणि मग तिनं सांगितलं. सोनी शेजारी बसून खडे काढत होती आणि तिच्यासमोर तिचंच सगळं सांगितलं. अर्धंमुर्धं मला आठवत होतं, चिंच, डहाळी, बुढी. पण एक गोष्ट मी कधीच जाणू शकले नसते. ज्या दिवशी पहिल्यांदा गोळी दिली, त्या दिवसाबद्दल माय म्हणाली, "तिकडून आवाज बंद झाला ना, मले बरं वाटलं. मन लावून काम केलं मी. बाजूचीसंग हासली. दोन गोष्टी बोलली. गोळीचं नाही वो मले येवढं… मले गोड वाटलं, त्याचं वाटते." नारायण तोवर रडून रडून माझ्या मांडीवर आला होता आणि पीत होता. मी विचारलं, साळूबाईला तू कधी काही का बोलली नाहीस? माय म्हणाली, "काय बोलू तिले? गोळी माह्या हातानं देल्ली. तिनं त सांभाळलं."

हे समजल्यावर माझं नारायणला सोडून जाणं सोपं झालं, असं लिहायला मला आवडलं असतं. झालं नाही. दुसऱ्या दिवशीही मी विहिरीपाशी थांबलेच. फक्त एवढा फरक पडला की त्याचं रडणं ऐकू येत असेपर्यंत मी चालायचे, आणि ऐकू येईनासं झालं की माझे पाय अडखळायचे.

सोनीला मी एकदा सरकारी दवाखान्यात नेलं. माय बरोबर होती, नवं लुगडं नेसून, देवळात निघाल्यासारखी. डॉक्टरांनी सोनीला नीट तपासलं, तिचे डोळे पाहिले, तिच्याशी गोडीनं बोलले. मायला दुसरं काही नकोच होतं. तिनं एवढंच विचारलं, "साहेब, हे गोळीनं झालं का तापानं?" डॉक्टर भला माणूस होता. ते म्हणाले, "आजी, इतक्या वर्षांनी कोण सांगणार? तापानंही होतं. गोळीनंही होतं. कोणालाच सांगता येणार नाही." घरी दारात चपला काढताना माय म्हणाली, "तापानं म्हणाला असता त काय बिघडलं असतं त्याचं." मग स्वतःच म्हणाली, "नाही, पण त्याले खोटं नाही बोलता आलं." त्यानंतर तिनं कुठल्याच डॉक्टरला विचारलं नाही.

यजमान गेले, नारायणला अकोल्यात काम लागलं, मीही बदली मागून तिकडं आले. माय आणि सोनी अमरावतीत राहिल्या. कितीदा म्हटलं, चला. माय म्हणायची, तिले नव्या जागी करमणार नाही. खरं तर मायलाच तिची भिंत सोडवत नव्हती. दोन खोल्यांचं घर, आतल्या खोलीत सोनी, आणि बाहेरच्या ओसरीवर त्या खोलीच्या भिंतीला लावून मायची चौघडी गोधडी. जेवणं झाली, भांडी झाली की माय तिथं येऊन बसायची आणि डावा कान भिंतीला लावायची. नातवंडं तिला हसायची, आजी भिंतीशी गुजगोष्टी करते म्हणून. म्हातारपणी तिला कमी ऐकू यायला लागलं होतं. उजव्या कानाशी बोललं तर काही कळायचं, डाव्या कानानं जवळजवळ नाहीच. तरी भिंतीला लावायची तो डावाच.

शेवटची भेट दिवाळीनंतरची. मी निघताना ती गोधडीवरच बसली होती. मी म्हटलं, "माय, आता हट्ट सोड. दोघी चाला. तुह्या मागं सोनीले मलेच पाहायचं हाय ना? माह्या घरी काय कमी पडंल तिले?"

"कमी नाही पडणार," माय म्हणाली. "खायाले त तू देशीन. न्हाऊमाखू घालशीन. पण हिले ऐकंल कोण?"

मी तेव्हा हसले. म्हटलं, "ती बोलतच नाही त ऐकाचं काय?" मला गाडी गाठायची होती.

आता सोनी माझ्याकडे आहे. तिला आणताना त्रास झाला नाही, त्याचाच त्रास झाला. उठ म्हटलं, उठली. गाडीत बस म्हटलं, बसली. तो पाण्याचा गिलास तेवढा हातातून सोडेना, म्हणून तोही आणला. मायची गोधडी मी घेतली. अकोल्याच्या घरात आत गेल्या गेल्या सोनी भिंतीपाशी जाऊन बसली, बाहेरच्या पडवीची जी भिंत आहे तिच्या आतल्या अंगानं. कोणी सांगितलं नव्हतं. मी पडवीत, बाहेरच्या अंगाला गोधडी टाकली. पण त्यावर बसायचं धाडस झालं नाही. सून यमुना गोधडीभोवती वळसा घालून झाडायची.

रजा संपली. मागच्या सोमवारी मी पहिल्यांदा शाळेत निघाले. सोनीला सांगितलं, "येतो हं सोनी. दुपारी येतो." ती गिलास मांडीवर घेऊन बसली होती, हसली. मी पडवीत आले, चपला घातल्या, छत्री काढली, पाठीमागं दार ओढून घेतलं… आणि भिंतीपलीकडून आवाज आला.

पहिल्यांदा मला कळलंच नाही कसला ते. वाटलं, रस्त्यावर कोणाचं लेकरू. आधी हुंदके. मग एकदम उंच चढणारा सूर. चाळीस वर्षांच्या बाईचा गळा, जाड, फाटलेला, आणि त्यात तोच सूर, तसाच. मग श्वास अडकून शांतता. मी छत्री हातात घेऊन उभी होते. ती शांतता संपेना. मग तो सूर पुन्हा सुरू झाला.

यमुना स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी धावत आली. "आत्याबाई, तुमी जा, तुमाले उशीर होते. मी घेतो तिले जोळ, आत्ता चूप करतो."

"नको," मी म्हटलं. "चूप नको करू. रडू दे तिले."

शाळेची घंटा झाली असेल, तिसरीच्या मुली उभ्या असतील, हे मला कळत होतं. मी खाली बसले. मायच्या गोधडीवर बसले, छत्री मांडीवर ठेवली आणि डावा कान भिंतीला लावला.